राखीव जबडा

मदत करायचं मी ठरवलं, तिथेच सगळं बिघडलं. (माझ्या बाबतीत नेहमी तिथेच बिघडतं. मी स्वस्थ बसलो की घर सुरळीत चालतं.)

आमची ही चाळिशी उलटल्यावर दातांची निगा राखायचा कोर्स करायला लागली. डॉक्टरकीचा नव्हे. डॉक्टरांच्या आधी पेशंटची विचारपूस करायची, तोंड तपासायचं, हिरड्या मोजायच्या आणि दातांवरचं किटण खरवडून काढायचं, त्या कामाचा. एका दवाखान्यात तिच्यासाठी जागाही धरून ठेवली होती, पण प्रॅक्टिकल पास झाली तरच. एकदा ती नापास झाली होती, ती डाव्या बाजूमुळे. तिथले दात आतून साफ करताना छोट्या आरशात बघावं लागतं. आरशात सगळं उलटं दिसायला लागलं की हिचा हात थरथरायचा. यंदाची संधी शेवटची होती.

परीक्षेचा नियम असा, की पेशंट ज्याचा त्याने आणायचा आणि त्याच्या दातांवर भरपूर किटण हवं. असं तोंड मिळणं सोपं नसतं. पाहुणे हसले की ही त्यांच्या तोंडात डोकावायची. सासऱ्यांची कवळी निघाली, मेहुण्याचे दात चकचकीत. शेवटी एका संध्याकाळी मी जांभई दिली.

"हलू नका," ही म्हणाली. टॉर्च घेऊन आली, खालचे दात आतून पाहिले, आणि तिचा चेहरा असा उजळला, की लग्नातसुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता.

"अहो, केवढं आहे हे. आणि दोन्ही बाजूंना."

आयुष्यात प्रथमच मी कशात तरी अव्वल ठरलो होतो. "परीक्षेला उजवी बाजू माझी," माझ्यासमोर बसून तिने बजावलं. "तोपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही."

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती चष्मा घरी विसरली, म्हणून मी तो द्यायला कॉलेजात गेलो. ही लेक्चरला बसली होती. दात तपासायच्या खोलीत तिची वर्गमैत्रीण रिकाम्या खुर्चीशेजारी हिरमुसून उभी होती. ही बाई पूर्वी ब्यूटी पार्लर चालवायची, म्हणून वर्गात तिला सगळे पार्लरवाली म्हणतात.

"भाऊजी, देवासारखे आलात," ती म्हणाली. "सरावाला बोलावलेला पेशंट आयत्या वेळी पळाला माझा. जरा तोंड उघडता?"

मी उघडलं. तिने आत पाहिलं आणि तिचा आवाजच भरून आला. "एवढं घबाड घरात आहे, आणि ही बोललीसुद्धा नाही."

एवढं कौतुक झाल्यावर नाही कसं म्हणणार? दुसरी बाजू नुसती पडूनच तर होती. प्रश्न एवढाच, की दुसरी म्हणजे कोणती? इथे मी डोकं चालवलं. ही माझ्यासमोर बसून 'उजवी' म्हणाली होती. समोरच्या माणसाची उजवी म्हणजे माझी डावी. ऑफिसात दिवसभर आवक-जावक सांभाळतो मी, एवढं कळतं मला.

"डावी राखीव आहे," मी ऐटीत सांगितलं. "उजवी घ्या तुम्ही."

तिने ती लख्ख केली. हात हलका, गप्पा भरपूर. भुवया वाढल्यात, तेही जाता जाता सांगितलं.

परीक्षेच्या सकाळी हिने शेवटची नजर टाकायला टॉर्च मारला.

"उजवीकडचं कुठे गेलं?"

"काय?"

"किटण."

"ते डावीकडे आहे ना. तुझी उजवी म्हणजे माझी डावी." मग मी पार्लरवालीची हकीकत सांगितली.

"दातांच्या कामात उजवी म्हणजे पेशंटची उजवी," ही एकेक शब्द सुटा करत म्हणाली.

"मग तसं सांगायचं होतंस."

तिने पिशवी उचलली आणि बस-स्टॉपकडे चालायला लागली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. बसमध्ये तिने पिशवीतून तो छोटा आरसा काढला, पाहिला आणि परत ठेवून दिला. मला खरोखर रडू यायला लागलं. हात बसावा म्हणून ही बाई चहाचा चमचासुद्धा पेनासारखा धरत होती, आणि मी चार गोड शब्दांना भुलून तिची बाजू वाटून मोकळा झालो होतो.

परीक्षक मॅडम करड्या केसांच्या होत्या आणि हसणं त्यांना मंजूर नसावं. आधी विचारपूस.

"काही औषधं चालू आहेत?" हिने परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

"तूच तर देतेस. कोणती ते तुलाच माहीत."

"परीक्षार्थीशी नीट बोला," मॅडम म्हणाल्या.

"कोणती ते आपल्यालाच माहीत," मी सुधारणा केली.

माझा रक्तदाब भलताच वर गेला होता. हिने मला डोळे मिटून लांब श्वास घ्यायला लावले, थोडं थांबून पुन्हा मोजला, तेव्हा कुठे तो माणसात आला. मग खुर्ची आडवी झाली.

मी आदर्श पेशंट होतो, हे इथे नमूद करतो. हात वर केला तो फक्त माफी मागायला. (तोंडात आरसा असताना माफी 'आँ आँ' अशीच निघते, त्यामुळे ती परत परत मागावी लागली.) जीभ कुठे ठेवायची हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती बिचारी जिथे काम चाललं असेल तिथे बघायला जायची.

हिने आरसा डावीकडे नेला. तो थरथरला. त्याच वेळी माझी जीभ मदतीला धावली आणि आरशावर जाऊन बसली. मी वर पाहिलं, तर मास्कच्या वरून हिचे डोळे लाल झालेले.

जमलं, मी मनात म्हणालो. राग आला की हिचा हात थरथरत नाही, हे मी लग्नापासून बघत आलोय.

तिने आरशानेच माझी जीभ बाजूला दाबून धरली, करंगळीशेजारचं बोट दातावर रोवलं आणि किटण खरवडायची आकडी आत घातली. खर्र, खर्र करत किटण निघायला लागलं. एकदाही घसरली नाही, एकदाही अडली नाही. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. (उठायला लागलोही होतो. तिने कोपराने परत आडवं केलं.)

मॅडम आल्या. त्यांनी बारीक टोकाची सळई एकेका दातावरून फिरवली. ती कुठेही अडकेना. त्यांनी पुन्हा फिरवून पाहिली.

"डावी बाजू सगळे टाळतात," त्या हिला म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम घेतलीत?"

हिने मास्क खाली ओढला. "यांच्यामुळे घेतली," ती म्हणाली.

संध्याकाळी निकाल लागला. ही वर्गात पहिली. पार्लरवालीही पास झाली आणि हिच्या गळ्यात पडून दोघी हसत-रडत राहिल्या. दवाखान्यातली जागा पक्की झाली. मी इतका फुगलो, की शर्टाचं वरचं बटण सोडावं लागलं. मॅडमनी हिचा हात हातात घेतला आणि चक्क हसल्या. "पहिला नंबर दोन गुणांनी आलाय," त्या म्हणाल्या. "आणि ते दोन गुण मी तुमच्या पेशंटकडे बघून दिलेत."

जिना उतरताना मी हिला म्हणालो, "ऐकलंस ना? पहिला नंबर कुणामुळे आला ते?"

"ऐकलं," ही म्हणाली. "ते दोन गुण अवघड पेशंट सांभाळण्याचे असतात. बाकीच्यांचे पेशंट शहाणे होते, म्हणून त्यांना नाही मिळाले."