विश्रामरावांनी जोडलेली सळई

ठाण्यात कोपरीतल्या विश्राम दांडेकरांच्या घरात मोडलेली वस्तू फार वेळ मोडलेली राहत नसे. निवृत्तीनंतर तर त्यांना चेवच आला होता. चष्म्याची दांडी, कुकरचा कान, बायकोच्या, हेमाताईंच्या चपलेचा अंगठा, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. त्यामुळे मुलीच्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावरच्या डब्यात, कापसात गुंडाळलेले सळईचे दोन तुकडे दिसले तेव्हा त्यांना पोरीची कीव आली.

ऋजुता अर्जाच्या प्रती छापून आणायला गेली होती. विश्रामरावांनी आधी डिंक लावून पाहिला. तो धरेना, म्हणून स्कूटर काढून वागळे इस्टेटमध्ये काळुरामचं वर्कशॉप गाठलं. वेल्डिंग झालं, वर ग्राइंडर फिरला, चंदेरी रंगही बसला. घरी आल्यावर हेमाताईंनी शुभकार्य म्हणून सळईला हळदकुंकू वाहिलं.

परत आल्यावर ऋजुताने डबा उघडला आणि ती खुर्चीत बसली.

"बाबा, यातलं तुटलेलं कुठंय?"

"जोडलं. आता बापजन्मात तुटणार नाही."

"अहो, तुटलेलंच दाखवायचं होतं मला. आठ महिने मशीनमध्ये हलवून तोडलेलं ते. तडा कसा वाढत गेला त्याच्या रेघा होत्या त्यावर."

धातू का तुटतात, यावर मुलीने पीएचडी केली आहे हे विश्रामराव सगळ्यांना अभिमानाने सांगत. पण त्यासाठी ती स्वतःच धातू तोडत असेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दोन वर्षं तात्पुरत्या नोकऱ्या केल्यावर माजिवड्याच्या कॉलेजात कायमच्या जागेसाठी बोलावणं आलेलं, आणि आपण त्यावर चंदेरी रंग फासला, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला स्कूटरवरून कॉलेजात सोडून ते खालीच थांबले.

मुलाखतीत विभागप्रमुख सुहासिनी मॅडमनी सळई उलटसुलट करून पाहिली. "यात तडा कुठंय?"

"वडिलांनी जोडला, मॅडम."

"आणि हे कुंकू?"

"आईने."

कोणी हसलं नाही, तेच जास्त वाईट होतं. ऋजुताने सळई परत घेतली, काय करावं ते न सुचून तिच्यावरून नख फिरवलं, आणि जोडाच्या शेजारी नख अडकलं. ग्राइंडरचा ओरखडा होता.

"मॅडम, तुमच्या लॅबमध्ये ही ओढून बघू या? वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद ठिसूळ झालंय. जोडात नाही तुटणार, इथे तुटेल." तिने बोटाला लागलेल्या कुंकवाचा ठिपका ओरखड्यावर लावला.

लॅबच्या दारात विश्रामराव उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना खाली थांबवेना. मशीनने सळई दोन्ही टोकांना धरली आणि ओढायला सुरुवात केली. पडद्यावरची रेघ हळूहळू चढत गेली. मग ठाणकन आवाज झाला आणि सळई बरोबर कुंकवाच्या ठिपक्यावर तुटली.

ऋजुताने भिंग धरलं. "बाबा, या ना. ही कडेची जागा बघा, तडा इथे सुरू झाला. या रेघा इथून पसरत गेल्या."

विश्रामराव वाकले. शिंपल्यासारखी, एका बिंदूतून पंख्यासारखी उलगडणारी करडी चकाकी होती ती. पोलादाने आपल्यावर काय काय बेतलं ते सगळं तिथे मांडून ठेवलं होतं, आणि त्यांची मुलगी ते वाचत होती. "बापरे," ते म्हणाले.

नोकरी मिळाली. पुढच्याच आठवड्यात हेमाताईंच्या हातून कपाचा कान तुटला. सवयीने त्यांनी डिंक पुढे केला.

"हात लावू नकोस," विश्रामराव भिंग घेऊन धावले. "जोडलं की सगळं झाकलं जातं गं."

आता शोकेसमध्ये कापसावर कपाचा कान आहे, कुकरची मूठ आहे, मोडलेली कवळीही आहे. हेमाताई परवा ऋजुताला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाबांना परत जोडायला सांग ना. तीन दिवस झाले, नुसता वरणभात खातायत."