तीन टिकलीचा चाकू

निकेशच्या लग्नाच्या दिवशी, सकाळी सात वाजता, पहिला चाकू वांग्यात वाकला.

वांगं काही जून नव्हतं. चांगलं कोवळं, आदल्या दिवशीच बाजारातून आणलेलं. निकेशची आत्येबहीण पुनम हिनं देठावर पातं ठेवून जरासा जोर दिला, तर वांगं जिथल्या तिथं आणि पातं उजवीकडे वळलेलं. तिनं तो चाकू तसाच नेऊन नवरदेवाच्या बापासमोर धरला.

"मामा, हा तं वाकला."

"तुले धरता आला नसन," मनसाराम म्हणाला. "तीन टिकलीचा चाकू होय तो. तो वाकत नाई."

"वाकला ना पण!"

"मंग दुसरा घे. डझनभर आणले कायले?"

दुसऱ्याचं पातं आलूत अडकलं आणि नुसती मूठ पुनमच्या हातात आली. तिसऱ्यानं टमाटर कापलाच नाही, दाबून फोडला आणि शेजारी बसलेल्या तिच्या मैत्रिणीची, मयुरीची नवी साडी रंगवली. साडेसातपर्यंत बारांपैकी सात चाकू कामातून गेले आणि उरलेल्या पाचांना हात लावायला कोणी तयार होईना. मांडवामागे तीस किलो वांगी, पोतंभर आलू आणि कांद्यांचा ढीग जसाच्या तसा पडलेला. लग्न वरमंडपी होतं, म्हणजे नवरी आणि तिच्याकडचे साठ-सत्तर पाहुणे बारा वाजता धानोऱ्याहून इथंच जेवायला येणार होते.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यात भाजी कापायला चाकू कशाला हवा? घरोघरी विळी असते, आमच्याकडे तिला पावशी म्हणतात, तिच्यावर बसलं की झालं काम. अगदी बरोबर. पण मनसारामनं नेमका तिथंच घोळ घालून ठेवला होता.

त्याच दिवशी गावात दुसरं लग्न होतं, माजी सरपंच गुणवंतराव यांच्या घरचं. चार दिवसांपूर्वी गुणवंतराव भल्या मनानं म्हणाले होते, "मनसाराम, गावातल्या अर्ध्या पावश्या तू ठेव, अर्ध्या मी नेतो." यावर माणसानं 'बरं' म्हणून गप्प बसावं की नाही? पण नाही! मनसाराम छाती काढून म्हणाला, "साऱ्याच न्या ना भाऊ! आमचीबी घेऊन जा. आपल्याकडं तीन टिकली आहे!" गुणवंतरावांनी खरंच सगळ्या नेल्या. मनसारामच्या बायकोची, चंदाबाईचीसुद्धा.

या तीन टिकलीची गोष्ट जुनी होती. सव्वीस वर्षांपूर्वी, लग्नाच्याच वर्षी, मनसारामनं चंद्रपूरला महाकालीच्या जत्रेत एक चाकू घेतला. पात्यावर तीन ठिपके, म्हणून तीन टिकली. कंपनीचं तेव्हा मोठं नाव होतं. त्या एका चाकूनं त्यानं तळ्यातली मरळ मासोळी कापली, डोंग्याचे दोर कापले, बांबू सोलले, पण धार काही गेली नाही. मग जगातली प्रत्येक वस्तू तो त्याच चाकूच्या मापानं मोजायला लागला. कोणाची मोटरसायकल बंद पडली, की हा म्हणणार, "तीन टिकलीवाल्याईनं गाडी काढाले पायजे होती." मुलाच्या लग्नासाठी चंद्रपूरच्या गोल बाजारातून एकदम डझन आणले, तेव्हा दुकानदारालाच त्यानं अर्धा तास त्या चाकूचे गुण सांगितले होते.

"मंग तोच जुना चाकू आणा ना बापा!" आचारी बिरजू चुलीजवळून ओरडला. तो फक्त शिजवायचा. कापून देणं घरमालकाचं काम, असा त्याचा रोखठोक नियम होता. "मले नऊ वाजता कापलेले वांगे पायजे. नाई तं पाव्हण्याईले नुसतं वरण वाढजा."

जुना चाकू घरातच होता. पण तो नवरदेवाच्या हातात होता.

हळद लागली की अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या हातात चाकू असतो, टोकाला लिंबू खोचलेला. बाहेरचं काही लागू नये म्हणून. तो क्षणभरही खाली ठेवायचा नसतो. या कामावर देखरेखीला मनसारामची म्हातारी आत्या केसरबाई होती. निकेश न्हाणीत गेला, तर ती बाहेर उभी राहून दर दोन मिनिटांनी विचारत होती, "चाकू आहे ना रे हातात?"

"आत्याबाई, दोन तास द्या ना तो चाकू," चंदाबाई काकुळतीला आली. "पाव्हणे उपाशी राहतीन."

"नाई म्हणजे नाई! चाकू हातातून सुटला अन् पोराले काही झालं तं?"

चंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "चाकू पोराजवळून नाई आणता येत. पण पोराले तं चाकूसंगं आणता येते ना?"

यावर केसरबाईला कोणताच नियम आठवेना. पण काहीतरी म्हटलंच पाहिजे, म्हणून ती म्हणाली, "लिंबू काढाचा नाई मात्र."

असा नवरदेव मांडवामागे चटईवर येऊन बसला. अंग पिवळंधमक, कपाळाला मुंडावळ्या, हातात चाकू आणि चाकूच्या टोकाला डुलणारा लिंबू. हा पोरगा आठवडी बाजारात मासोळ्या कापून देणारा. त्याचा हात असा चालायला लागला की वांग्यांच्या फोडी घमेल्यात धडाधड पडू लागल्या.

"नवरदेव, जरा बारीक चिरजो!" पुनम म्हणाली.

"लग्न माझं आहे का तुमचं?"

"बिरजूभाऊ, याच्या अंगावरची हळद भाजीत पडून राह्यली!"

"पडू द्या," बिरजू म्हणाला. "मले वेगळी टाकाची गरज नाई."

वांगी संपली, आलू संपले. साडेआठला कांदे सुरू झाले आणि निकेशच्या डोळ्यांतून धारा लागल्या. उजव्या हातात चाकू, डाव्या हातात कांदा, पुसणार कशानं? नाक ओढत, हुंदके देत तो कापत राहिला. केसरबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "चूप, चूप, पोरा. आता किती वेळ राह्यला? दुपारपर्यंत कळ काढ."

आणि नेमकी तेव्हाच नवरीकडची बस गावात शिरली. तीन तास आधी! बसच्या ड्रायव्हरला दुपारी दुसरी वरात होती, म्हणून त्यानं सगळ्यांना पहाटेच उठवून गाडीत कोंबलं होतं. नवरीचा मामा सुनिल, ज्याचं धानोऱ्याला वेल्डिंगचं दुकान आहे, तो मोठ्या हौसेनं नवरदेवाला भेटायला आधी उतरला. मांडवाच्या कापडामागून त्यानं डोकावून पाहिलं. नवरदेव चाकू घट्ट धरून ढसाढसा रडत होता, चार बायका त्याला घेरून बसल्या होत्या आणि एक म्हातारी त्याची समजूत घालत होती. कांद्यांचा ढीग बायकांच्या पाठीआड होता.

मामा आल्या पावली बसकडे परतला. "पोराच्या मनात नाई! रडून राह्यला! हातात चाकू घेऊन बसला!"

ही बातमी बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचली, तेव्हा नवरदेवानं चाकू स्वतःच्या गळ्याला लावलेला होता. नवरीच्या आईनं मोठ्यानं गळा काढला. नवरी, म्हणजे रोशनी, तेवढी शांत होती. "मामा, बाजूले कांदे होते काय?" तिनं विचारलं. पण नवरीचं ऐकतं कोण!

मामा दहा माणसं घेऊन मांडवात उभा राहिला. "मनसारामभाऊ, खरं सांगा. पोराच्या मनात नसन तं आमी बस वापस नेतो. जबरदस्तीचं लग्न आमाले नाई पायजे." बाहेर ड्रायव्हरनं मोठ्या आनंदानं इंजिन सुरू केलं.

मनसारामनं सांगायला तोंड उघडलं. चाकू कापत नाहीत, एवढंच सांगायचं होतं. पण गलका ऐकून गुणवंतराव आपल्या मांडवातली वीसेक माणसं घेऊन तिथं येऊन उभे राहिले होते. त्यांच्यासमोर तीन टिकलीची अब्रू काढायची?

"काही नाई हो," तो चाचरत म्हणाला, "पोराले हौस आहे... कांदे कापाची."

"लग्नाच्या दिवशी?"

"बाबा, सांगा ना खरं!" निकेश ओरडला. "मामाजी, मले लग्न कराचं आहे!" पण हे तो इतका हमसून हमसून म्हणाला की कोणाचाच विश्वास बसला नाही.

मनसारामनं एकदा गुणवंतरावांकडे पाहिलं, एकदा घुरघुरणाऱ्या बसकडे आणि मग रडून लाल झालेल्या आपल्या पोराकडे. पोरापुढे चाकू तो काय! त्यानं डोळे मिटले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला, "चाकू कापत नाई! तीन टिकलीचा चाकू कापत नाई! बारा आणले, बाराही फालतू निंघाले! कंपनीनं फसवलं मले!"

गुणवंतराव हसले नाहीत. त्यांनी फक्त आपल्या माणसाला सांगितलं, "जा रे, दहा पावश्या आण इथी." मनसारामला तेच जास्त लागलं.

मामाचं मात्र समाधान झालं नव्हतं. त्यानं एक नवा चाकू उचलला आणि कांद्यावर चालवून पाहिला. पातं वाकलं. दुसरा घेतला, तोही वाकला. मग तो हसायलाच लागला, आणि त्याच्यासोबत आलेले दहाही जण. "अन् मंग हा कसा कापते?" त्यानं निकेशचं मनगट धरून जुनं पातं उजेडाकडे फिरवलं.

"सोडवू नका बरं हातातून!" केसरबाई किंचाळली.

"नाई सोडवत, बाई." मामाचा सगळा जन्म लोखंडात गेलेला. त्यानं पात्यावर नख वाजवलं, ठिपके जवळून पाहिले. दोन सरळ रेषेत होते, तिसरा खाली घसरलेला. "मनसारामभाऊ, हे कंपनीचं पातं नाई. हे तं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं..."

तेवढ्यात त्याचं लक्ष मनसारामच्या मागे गेलं. चंदाबाई दोन्ही हात जोडून उभी होती आणि जोरजोरात मान हलवत होती. मामाचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. तो लगेच समजला.

"...पाट्यासारखं मजबूत आहे, म्हणत होतो मी," तो म्हणाला. "आताच्या कंपनीचं नाई, जुना माल, भाऊ. आता असा येत नाई."

"नाई येत ना! तेच तं म्हणून राह्यलो मी!" मनसाराम म्हणाला आणि त्यानं दुपट्ट्यानं डोळे पुसले. त्याच्याजवळ तर कांदाही नव्हता.

लग्न वेळेवर लागलं. ड्रायव्हर हिरमुसला होऊन जेवायला बसला आणि तीनदा भाजी मागून घेतली. पाहुणे बिरजूला विचारत होते, भाजीला अशी आंबटसर चव कशानं आली? बिरजूनं कोणालाच सांगितलं नाही.

पाहुणे गेले, मांडव उतरला, पण मनसाराम काही सावरेना. तळ्यावर जाईना, चावडीवर बसेना. "सव्वीस वर्षं लोकाईले सांगत आलो मी," तो म्हणायचा. "आता कोन्या तोंडानं बाजारात बसू?" चंदाबाईला त्याच्याकडे पाहवेना. शेवटी एका दुपारी भाकरी थापता थापता तिनं नव्या सुनेजवळ मन मोकळं केलं.

"कंपनी आता बिघडली नाई वं, रोशनी. तवाच बिघडली होती. लग्नाच्या चवथ्या महिन्यात मरळीच्या डोक्यावर मारला, अन् पातं मोडलं. हे तं गावभर त्याची तारीफ करत फिरून राह्यले होते. मी नवीन होती. बाजारातल्या लोहाराकडून ट्रकच्या पाट्याचं पातं बसवून आणलं, अन् खिळ्यानं मीच टिकल्या मारल्या. सांगाचं होतं मले. पण हे इतके खूश होते, मले सांगवलंच नाई."

"अन् बाबाजीनं कधी विचारलं नाई?"

"विचारतीन कवा? ते तं सांगतच होते!"

त्या आठवड्यात रोशनी माहेरी गेली, तेव्हा त्या बाराही फालतू चाकूंचं गाठोडं सोबत घेऊन गेली. पंधरा दिवसांनी परत आली, तर गाठोडं तसंच जड.

"बाबाजी, मामानं तक्रार केली," ती म्हणाली. "चाकू बदलून भेटले."

मनसारामनं संशयानंच एक चाकू उचलला. टमाटर कापला. पातळ, अखंड चकत्या पडल्या. त्यानं वांग्याचा देठ कापला, मग जुना दोर कापला, मग दारातला बांबू सोलला. चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, जसं लग्नातसुद्धा दिसलं नव्हतं. तो चपला न घालताच रस्त्यावर धावला.

"गुणवंतभाऊ! ओ गुणवंतभाऊ! पाहा, कंपनीनं बदलून देल्ले! चूक झाली तं कबूल करते, याले म्हणतात कंपनी! तीन टिकली ते तीन टिकली!"

त्याचा आवाज पार तळ्याच्या पाळीपर्यंत जाऊन विरला. चंदाबाईनं गाठोड्यातला एक चाकू घेतला, दारातल्या उजेडात धरला आणि तीन ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"तुझ्या मामाचा हात चांगला आहे वं," ती सुनेला हळूच म्हणाली. "माझी तिसरी टिकली घसरली होती."