मैदानावरचं हातमशीन

"मशीन माझं, ताल माझा, आणि मिरवणार हे," ओठांत टाचण्या धरून शिंपीणबाई पुटपुटल्या.

"ऐकू आलं हं," दिवाणखान्यातून त्यांचे यजमान म्हणाले. "तू चालव गं."

यजमान कंपनीत हिशेबनीस. गोल्फचाही त्यांचा हिशेब पक्का होता: हात जितके पळतील, तितकं काठीचं टोक पळणार. हातांना ताल हवा, म्हणून त्यांनी बायकोच्या शिलाईच्या हातमशीनचा ताल धरला होता. टाके सावकाश पडले की काठी वर, भरधाव पडले की खाली. रविवारी साहेब त्यांना खेळायला नेणार होते, आणि शाखाप्रमुखाची खुर्ची कुणाला द्यायची ते तिथंच ठरणार होतं. तसं कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यात गिऱ्हाइकाचा कोट घाईचा निघाला. बाईंनी मशीन दामटलं, तसे यांनी हात दामटले आणि दिव्याची शेड खिडकीबाहेर गेली. मग मशीन बंद ठेवून पाहिलं, तर काठी खांद्यापाशी गेली ती तिथंच अडून बसली. शेवटी रविवारी हातमशीनही गाडीत बसलं.

"हे काय?" मैदानावर साहेबांनी विचारलं.

"कोट आजच द्यायचाय," म्हणत बाईंनी बाकावर मशीन मांडलं.

साहेबांनी चेंडू मारला. त्याच खुर्चीवर डोळा ठेवून सोबत आलेल्या कंपनीच्या वसुलीवाल्यांनी "कुठच्या कुठं गेला, साहेब" म्हणत आपला चेंडू शहाण्यासारखा अलीकडेच टाकला. मग हिशेबनीस उभे राहिले. टक, टक, काठी वर गेली. खर्रर्र, हात सुटले, आणि नेमका दोरा तुटला. मशीन थांबलं, तसे हातही कचकन थबकले. काठीचं टोक मात्र कुणाचं ऐकायला तयार नव्हतं. हातांना मागं टाकून ते सणकन पुढं आलं. चेंडू साहेबांच्या चेंडूवरून गेला आणि जातच राहिला.

"वारा आहे आज," वसुलीवाले म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

"उतारही आहे तिकडं," हिशेबनीस घाम पुसत म्हणाले. हातातोंडाशी आलेली खुर्ची त्यांना चेंडूमागं पळताना दिसत होती.

साहेब डोळ्यांवर हात धरून बघत होते. "पलीकडचा माझा असावा."

"तुमचाच, साहेब," दोघं एकदम म्हणाले.

बाईंनी सुईत दोरा ओवला.

"तुमचा अलीकडचा, साहेब. ह्यांचा पुढं गेलाय. आता खुर्ची द्या नाहीतर नका देऊ, चेंडू काही मागं यायचा नाही."