मिक्सरच्या भांड्याबरोबर आलेला नवरा

भालचंद्र साखवळकरांनी वेबसाइटवरून मिक्सरचं भांडं मागवलं आणि त्याच्याबरोबर त्यांच्या बायकोला दुसरा नवरा आला. गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. समोरच्या आठवल्यांकडे चादरींबरोबर सासू आली होती.

"मी कुठं मागवला?" साखवळकरांनी पार्सलवाल्याला विचारलं.

"'पत्नीसाठी कायमची सोबत' या चौकटीत तुमची खूण आहे."

"मी नाही केली."

"ती आधीपासूनच असते. तुम्ही काढायची होती."

नवऱ्याचं नाव अनिरुद्ध. माणूस सभ्य. चपला बाहेर काढून आत आला, भांडं मिक्सरला नीट बसतंय का पाहिलं आणि साखवळकरांच्या बायकोला, कुमुदताईंना विचारलं, "दमलात का?" त्या घरात हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता.

त्याची झोपायची सोय बाहेरच्या खोलीत केली. त्याबद्दल साखवळकरांची तक्रार नव्हती. तक्रार होती स्वयंपाकघरातून येणाऱ्या हसण्याची. मामाच्या लग्नात भटजी हरवले होते, ती गोष्ट कुमुदताई चटणी वाटता वाटता सांगायच्या. साखवळकरांनी ती दरवेळी अर्ध्यावर तोडली होती. अनिरुद्ध मात्र विचारायचा, "मग सापडले कुठं?"

साखवळकर टीव्हीचा आवाज वाढवायचे, पण कान तिकडेच. भटजी कुठं सापडले हे त्यांनाही माहीत नव्हतं.

शेवटी त्यांनी सोबत बंद करायला घेतली. 'रद्द करा' दाबलं की रद्द करणंच रद्द व्हायचं. चौकशीच्या फोनवर नुसती सनई वाजत राहायची. अखेर अनिरुद्धच शेजारी येऊन बसला.

"अजून खाली जा. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत आहे बघा."

"तुम्ही कशाला मदत करताय?"

"तेही सेवेतच येतं."

या माणसावर रागवायलाही जागा नाही, म्हणून साखवळकर आणखीच चिडले.

पडद्यावर दोन बटणं आली. मोठं, हिरवं: 'राहू द्या'. त्याखाली बारीक: 'नको. मला माझ्या बायकोचं हसणं बघवत नाही'.

"दुसरं काही लिहिता येत नाही?"

"नाही. बंद करायचं तर हेच दाबावं लागतं."

साखवळकरांचं बोट अधांतरी थांबलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुमुदताई एकट्याच, काहीतरी आठवून हसल्या.

साखवळकरांनी बारीक अक्षरं दाबली.

अनिरुद्धनं अंथरुणाची घडी घातली. पार्सलवाला न्यायला आला, तेव्हा कुमुदताईंनी वाटेत खायला धपाटी बांधून दिली आणि तो वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

साखवळकर जेवायला बसले आणि कुमुदताईंच्या फोनवर मेसेज आला.

"'आपल्या पतीनं दिलेलं कारण,'" त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पुढचं मनात वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"वेबसाइटवाल्यांनीच लिहिलंय. मी फक्त दाबलं."

"वाचून?"

"वाचून."

कुमुदताईंनी फोन पालथा ठेवला आणि त्यांच्या पानात भात वाढला. तूप मागायचं धाडस साखवळकरांना झालं नाही.