आत्याबाई बोटीनं निघाल्या

सिरसाळ्याहून उज्ज्वलाच्या माहेरी जायचं तर धरणाला वळसा पडतो, आणि त्या रस्त्यानं अंगातलं एक हाड जागेवर राहत नाही. म्हणून तिच्या नवऱ्यानं, ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या राधाकिशनरावांनी, बोट घ्यायचं ठरवलं. साधी होडी नव्हे, शिडाची! वल्ह्यांवर चालावी, वेळेला मोटार बसावी, जीपच्या टपावर चढावी आणि मुक्कामाला दोघांना आत आडवंही होता यावं. (घरातल्या दिवाणावर दोघांना धड आडवं होता येत नाही, ते जाऊ द्या.)

तेव्हा धरण काठोकाठ होतं. राधाकिशनराव मोबाइलवर बोटी बघत बसले. गिऱ्हाईक नळीचा भाव विचारी, हे शिडाची उंची सांगत. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पाणी मागं सरकलं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी टरबुजं लावली.

"अहो, चपट्या बुडाची घ्या. पाणी आटायलंय," उज्ज्वला म्हणाली.

"तुला काय कळतंय? खाली खोल पातं नसलं तर वाऱ्यानं उलथती!"

झालं! पात्याची बोट आली आणि त्याच आठवड्यात उज्ज्वलाच्या भाच्याचं बारसं निघालं. नवसाचं लेकरू, आणि ही एकुलती एक सख्खी आत्या. कानात नाव सांगायचा मान हिचा.

"आजच्याला जीपनं जाऊ," तिनं हात जोडले.

"दारात बोट असताना जीपनं? लोक तोंडात शेण घालतील!"

निघाले. वाऱ्यानं शीड फुगलं, त्याहून राधाकिशनराव फुगले. माहेरच्या मारुतीचा कळस दिसायला लागला आणि खच्चकन बोट थांबली. पातं गाळात रुतलं. ढकलून झालं, वल्ही मारून झालं, गणपतीला साकडं घालून झालं. बोट ढिम्म.

तेवढ्यात भावजयीचा फोन. "ताई, कुटं हाव? बाया खोळंबल्यात. चुलत्याची लेक सारजाबाई म्हणायली, मीच ठिवते नाव!"

उज्ज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं नवी साडी खोचली, बाळलेणं पदराला बांधलं आणि गुडघाभर चिखलात उडी टाकली.

"उतरा की तुमी बी!"

"कॅप्टन बोट सोडत नसतो."

"मग बसा तितंच, कॅप्टनसाहेब!"

चिखलानं माखलेली आत्या रडवेल्या तोंडानं पाळण्याशी पोचली, तेव्हा सारजाबाई वाकलीच होती. उज्ज्वलानं तिला बाजूला सारलं, "कुर्रर्र" केलं, पाठीत बायांचे बुक्के खाल्ले आणि भाच्याचं नाव शिवशंकर ठेवलं. तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

जेवणं उरकल्यावर भाऊ ट्रॅक्टर घेऊन बोट ओढायला निघाला. उज्ज्वलाही गेली. (नवरा आहे, टाकता थोडाच येतो?) काठावर टरबूजवाला सटवा आडवा आला.

"वढू नगा! कावळ्यांनी टरबुजांचा लई इसकोट केलता. सकाळधरनं दाजी बोटीत उभं राहून हात हलवायलेत, तर एक कावळा फिरकला न्हाई."

"अरे, ती शिडाची फडफड असंल," नवऱ्याची अब्रू झाकत उज्ज्वला म्हणाली.

"शीड तुमी घिऊन जावा, ताई," सटवा म्हणाला. "दाजी तेवढे राहू द्या."