श्रीमंतच्या हॉटेलापुढचा गतिरोधक

पुढं निघालेल्याला थोपवल्याशिवाय मागं बसलेल्याचं भलं होत नाही, हे सत्य चहाच्या धंद्यालाही लागू आहे. राहुरीच्या अलीकडच्या फाट्यावर श्रीमंतचं हॉटेल आहे (हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक चूल आणि एक नवं बाकडं). समोरून गाड्या भरधाव जात. श्रीमंतनं हिशेब मांडला : गतिरोधक झाला की तासाला शंभर गाड्या मंदावणार, मंदावलेल्याला आल्याचा वास येणार, वास आलेल्यांतले निदान वीस जण उतरणार. दिवाळीला पत्र्याच्या जागी स्लॅब. हिशेबात चूक नव्हती. तो गाडीवाल्यांना कळवायचा तेवढा राहिला होता.

आपल्याकडं गतिरोधक धंद्याच्या नावानं मागत नाहीत, लेकराबाळांच्या नावानं मागतात. श्रीमंतनंही ग्रामपंचायतीला 'शाळकरी मुलांच्या जीविताच्या रक्षणार्थ' अर्ज लिहिला. (शाळा फाट्याच्या उलट्या अंगाला, दीड किलोमीटरवर आहे. पण मुलांचं काही सांगता येत नाही.) अर्जाला शास्त्राचं वजन हवं म्हणून तो विज्ञान शिकवणाऱ्या पंकजाबाईंकडं गेला.

"त्वरण वेगाच्या उलट दिशेला असलं की वेग कमी होतो," बाई म्हणाल्या. "त्याच दिशेला असलं की वाढतो. आणि आडवं असलं की वाट वळते."

"बाई, पहिलं तेवढं लिवून द्या. बाकीची दोन आपल्याला लागत न्हाईत."

ठराव एकमतानं झाला. गतिरोधक असा उठला की ट्रॅक्टरसुद्धा त्याच्यापुढं क्षणभर विचारात पडे. पहिल्याच दिवशी गाड्या नियमाप्रमाणे मंदावल्या. ड्रायव्हरांनी बांधणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार केला आणि गेलेला वेळ भरून काढायला जोरात गाडी दामटली. श्रीमंतनं न मागितलेला दुसरा नियम हाच. धुरळा थेट दुधाच्या पातेल्यात.

"लई गिऱ्हाईक आलं हो," बायको सुरेखा झाकण ठेवत म्हणाली. "समदं धुरळ्याचं."

तिसरा नियम दुचाकीवाल्यांनी शोधला. गतिरोधक संपतो तिथं हॉटेलाचं अंगण सुरू होतं. हँडल जरा वळवायचं, चुलीपुढून निघायचं, पलीकडं पुन्हा रस्त्याला लागायचं. आठवड्यात अंगणात चाकोरी पडली. एका सकाळी श्रीमंतनं वैतागून तीत बाकडं आडवं टाकलं.

"अहो, तिथं कोन बसंल?"

"बसायला न्हाई गं. ह्यान्ला आडवायला."

त्याच संध्याकाळी तो दुधाचा कॅन मोटारसायकलला अडकवून राहुरीहून परतला. समोर गतिरोधक दिसला आणि हात आपसूक वळला. ("समदेच तिकडून जात्यात," असा त्याचा नंतरचा खुलासा आहे.) बाकडं मोडलं, गुडघा फुटला, कॅन चुलीवर उलटला, चूल विझली.

सुरेखा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "चला," ती म्हणाली, "एक तरी गाडी थांबली."

श्रीमंत आडवा होता तोवरही दुचाक्या येत होत्या. त्यांनी गतिरोधकाला वळसा घातला, मग श्रीमंतला घातला.

एकूण जमाखर्च असा : गतिरोधकाचं काही गेलं नाही. वळसेवाल्यांचं काही गेलं नाही. श्रीमंतचं दूध, बाकडं, गुडघा आणि स्लॅब गेला. वळसेवाल्यांतला एक जण, आरशाला हेल्मेट अडकवून सांडलेल्या दुधातून चाक नेणारा, हुबेहूब तुमच्यासारखा होता, असं सुरेखा शपथेवर सांगते. आम्ही तुमचीच बाजू घेतली. म्हटलं, तसे तर सगळेच दिसतात.