शेंगोळीचा कबुलीजबाब

"आज दुपारच्या आत भागीला बोलती करतो का न्हाय, बघच तू!"

दार लावता लावता बाजीराव तात्यांनी शेजारच्या अंजुमला हे ऐकवलं, ते अशा थाटात, की जणू निम्मं काम झालंच! अंजुमनं नुसतं हसून आपली कडी लावली. तिला ठाऊक होतं ना! गेले अकरा दिवस या घराचा कारभार तिच्याच मार्फत चालला होता. "अंजुम, तुझ्या तात्यांना सांग, पाणी तापलंय." "अंजुम, काकीला सांग, टॉवेल कुठाय?"

आणि कारण काय, तर शेंगोळी! लोणी भापकरला भागुबाईंच्या माहेरी, मेहुण्याच्या बायकोच्या हातची हुलग्याची शेंगोळी ओरपताना तात्या भर पंगतीत बोलून गेले, "शेंगोळी करावी तर करुणावहिनींनीच!" झालं! छत्तीस वर्षं या माणसाला करून घालणाऱ्या भागुबाईंनी तिथल्या तिथं तोंड मिटलं. आज तर त्यांनी पिशवीच भरली होती. "तात्यांना सांग, मी वहिनीकडं शेंगोळी शिकायला चाललेय. चार-सहा महिने तरी लागतील!"

चार-सहा महिने!

पण देव पावला. इंदापुरात पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळालेला एक चोर थेट निमगाव केतकीत घुसला, स्टँडवर गावातल्याच सोमनाथच्या हातातला फोन हिसकावून पसार झाला, आणि पोलिसांची गाडी गल्लोगल्ली ओरडत फिरली, "घराबाहेर पडू नका! दारं लावून घ्या!" एस.टी. बंद!

"चोराचं कल्याण होवो!" तात्या मनापासून म्हणाले.

मग प्रयत्न सुरू. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. भागुबाईंनी एक घोट घेतला, कप हळूच लांब सरकवला. तात्यांनी सदरा मुद्दाम उलटा घातला. भागुबाईंनी तो नीट पाहिला आणि भिंतीकडं तोंड केलं. आता काय करावं माणसानं!

इतक्यात मागच्या पानमळ्याकडं कुत्री भुंकायला लागली. तात्यांनी फटीतून पाहिलं. पानांचे वेल हलत होते, आणि वारा तर अजिबात नव्हता!

गावात संकटासाठी एक नंबर होता. सरपंचांनी शंभर वेळा समजावलेलं: नंबर लावायचा, टुँक वाजलं की बोलायचं, लाल बटण दाबून थांबवायचं, नाहीतर पुढचं मिनिटभराचं सगळं बोलणं टिपलं जातं. मग गावातले झाडून सगळे फोन वाजतात आणि प्रत्येकाला तोच निरोप ऐकू येतो. तात्यांनी पहिल्या दोन गोष्टी अगदी बिनचूक केल्या.

"मी बाजीराव बोलतोय! पानमळ्यात कोनतरी हाय!" म्हणाले, आणि फोन तसाच फळीवर ठेवून बायकोपुढं हात जोडले.

"भागे, आता तरी बोल! चोर आत आला, मला काय झालं, तर तुझा आवाज तरी कानावर पडू दे! अगं, वहिनीची शेंगोळी कसली, नुसता दावणीचा दोर! चावून चावून माझी दाढ हलायला लागली! तोंडदेखलं बोललो गं मी! तुझ्या हातची चव सबंध पुणे जिल्ह्यात न्हाय!"

भागुबाईंचे ओठ जरासे थरथरले. पण शब्द? छे!

आणि तेवढ्यात त्यांची पिशवी वाजायला लागली. मग फळीवरचा फोन. मग अंजुमचा. मग पलीकडची आळी! घराघरातून तात्यांचा आवाज येऊ लागला, "वहिनीची शेंगोळी कसली..." भागुबाईंनी पिशवीतून फोन काढला आणि आत्ताच ऐकलेलं पुन्हा एकदा, डोळे मिटून, शेवटपर्यंत ऐकलं.

पानमळ्यातही एक फोन वाजत होता. सोमनाथला ऐकू कमी येतं, त्यामुळं त्याच्या फोनची घंटी म्हणजे देवळातली घंटाच! चोराला ती बंद कशी करायची ते सापडेना. भलतंच बटण दाबलं, तर वेलांतून तात्या ओरडायला लागले, "माझी दाढ हलायला लागली!" पोलीस आवाजाच्या रोखानं धावले आणि त्याची मानगूट धरली.

दारं उघडली, सगळी आळी तात्यांच्या अंगणात लोटली. फौजदारांनी तात्यांना कडक सलाम ठोकला.

"तात्या, तुमच्यामुळं घावला! एस.टी. पण सोडल्यात आता." मग आवाज खाली आणून, "बोलल्या का हो काकी?"

एस.टी. सोडल्या! भागुबाईंनी खरंच पिशवी उचलली होती. पायरीसुद्धा उतरल्या.

तेवढ्यात अंजुम फोन घेऊन पळत आली. कुणा पुण्यवानानं तात्यांचा निरोप टिपून व्हॉट्सॲपवर लोणी भापकरला पोचवला होता, आणि पलीकडं करुणावहिनी पेटल्या होत्या. "दावणीचा दोर व्हय? येऊ द्या दोघांस्नी हिकडं! त्याच दोरानं गोठ्यात बांधते!"

भागुबाई थबकल्या. वळल्या. पिशवी धाडकन तात्यांच्या पायाशी आपटली, आणि अकरा दिवसांनी ते तोंड उघडलं.

"घ्या! आता रुसून जायाला माहेर तरी ठिवलंत का मला?"